ज्यू पंचांग : गुलामगिरीतून सुटलेल्या समाजाची दिनदर्शिका

मार्च-एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या एका पौर्णिमेच्या रात्री जगभरच्या ज्यू घरांत सारे कुटुंब एकत्र जेवायला बसते. गोडधोड नंतर येते. आधी पुढ्यात येते ती बिनखमिराची कोरडी भाकरी, कडू पाला आणि मिठाचे पाणी. घरातले सर्वांत लहान मूल मोठ्यांना विचारते, की आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी कशाने? मग मोठी माणसे सांगू लागतात, की आपले पूर्वज मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, फारो राजाचे गुलाम होते, विटा थापत होते, आणि एके रात्री तिथून बाहेर पडले. निघण्याच्या घाईत पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून ही कोरडी भाकरी. कडू पाला म्हणजे गुलामीतले कडू जिणे. मिठाचे पाणी म्हणजे त्यांचे अश्रू.

जगातले बहुतेक समाज आपल्या पूर्वजांना राजे म्हणवतात, वीर म्हणवतात, नाहीतर थेट देवाचे वंशज म्हणवतात. हा समाज मात्र दरवर्षी ठरलेल्या रात्री आपल्या लेकरांना सांगतो, की आपण गुलामांची मुले आहोत. त्यात त्याला लाज वाटत नाही. उलट प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपण स्वतःच त्या गुलामीतून बाहेर पडलो असे समजावे, अशी त्यांची शिकवण आहे.

आमच्या वाचकांपैकी काहीजण विचारतील, की बौद्धांच्या साप्ताहिकात ज्यूंचे सण कशासाठी? त्याला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की स्वतः बाबासाहेबांनी ज्यूंना गुलामीतून बाहेर काढणाऱ्या मोझेसवर लेख लिहिला होता. पददलितांच्या पुढाऱ्याला धीर देणारी गोष्ट त्यांना त्या कथेत दिसली होती. दुसरे असे, की हे लोक आपल्याला परके नाहीत. मराठी बोलणारे ज्यू शेकडो वर्षे आपल्या कोकणात राहिले. त्यांच्याविषयी पुढे सांगूच.

पहिली मिळकत : स्वतःचा दिवस

ज्यूंच्या धर्मग्रंथाला तोरा म्हणतात. त्यात मिसर देशातून बाहेर पडण्याची जी कथा आहे, तिच्यात एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. गुलाम अजून मिसर देशातच आहेत, अजून सुटलेले नाहीत, आणि त्याच वेळी मोझेसमार्फत त्यांच्या साऱ्या समाजाला पहिली आज्ञा होते. ती आज्ञा पूजेची नाही, मंदिर बांधण्याचीही नाही. ती पंचांगाची आहे. हा महिना येथून पुढे तुमचा पहिला महिना समजा, एवढीच ती आज्ञा.

असे का असावे? त्यांच्यातल्या जुन्या भाष्यकारांनी याचा अर्थ असा लावला, की गुलामाचा वेळ त्याचा नसतो, मालकाचा असतो. कधी उठायचे, कधी थांबायचे, कधी सण करायचा, हे मालक ठरवतो. म्हणून ज्या दिवशी माणूस आपला दिवस आपण ठरवू लागतो, त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने सुटतो.

हा अर्थ आपल्या जुन्या माणसांना समजावून सांगावा लागणार नाही. महारकीच्या वतनात रात्री-अपरात्री चावडीवरून हाक आली की निघावे लागे. घरात कोणी आजारी असो, कोणी मेलेले असो, ‘वेळ नाही’ हा शब्द तोंडातून काढण्याची सोय नव्हती. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने जायला पुढे १९५८ साल उजाडले. ज्यांनी ती वेठ पाहिली, त्यांना स्वतःच्या वेळेची किंमत ठाऊक आहे.

चंद्रही आणि सूर्यही

ज्यूंचे पंचांग कसे चालते ते थोडक्यात पाहू. त्यांचा महिना आपल्याकडच्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो आणि पौर्णिमा महिन्याच्या मध्यावर येते. दिवस मात्र सूर्योदयाला नव्हे, सूर्यास्ताला बदलतो. त्यामुळे त्यांचा प्रत्येक सण आदल्या संध्याकाळी दिवा लावून सुरू होतो.

चंद्राचे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस भरतात. सूर्याचे वर्ष त्याहून साधारण ११ दिवसांनी मोठे. हा फरक तसाच राहू दिला तर सण सगळ्या ऋतूंतून फिरत राहतात. पण ज्यूंच्या ग्रंथाने सांगितले आहे, की सुटकेचा सण वसंतातच यायला हवा. म्हणून १९ वर्षांत ७ वेळा ते एक जादा महिना धरतात, आपल्याकडे अधिक महिना धरतात तसा. त्या वर्षी अदार हा महिना दोनदा येतो. २०२३-२४ मधले त्यांचे ५७८४ वे वर्ष असे तेरा महिन्यांचे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचे ५७८६ वे वर्ष लागले. ही गणती जगाच्या उत्पत्तीपासूनची आहे असे परंपरा मानते. विज्ञानाने पृथ्वीचे वय कितीतरी मोठे ठरवले आहे, हे वाचकांना सांगायला नको.

जुन्या काळी महिना गणिताने ठरत नसे. ज्याने आकाशात नवी चंद्रकोर पाहिली त्याने यरुशलेमला जाऊन साक्ष द्यायची, पंचांनी उलटतपासणी घ्यायची आणि मग महिना लागल्याचे जाहीर करायचे. ही बातमी डोंगरांवर जाळ पेटवून दूरदूरच्या गावांना कळवीत. म्हणजे सणाचा दिवस माणसे ठरवीत होती, आणि तो सर्वांचा मिळून एकच असावा यावर त्यांचा कटाक्ष होता.

यासंबंधी त्यांच्या जुन्या संहितेत एक हकिकत आहे. सभेचे प्रमुख गमलिएल यांनी दोन साक्षीदारांची साक्ष मान्य करून महिना जाहीर केला. यहोशुआ नावाच्या मोठ्या विद्वानाला ती साक्ष खोटी वाटली. तेव्हा गमलिएल यांनी त्यांना निरोप धाडला, की तुमच्या हिशेबाने जो प्रायश्चित्ताचा दिवस येतो, त्याच दिवशी हातात काठी आणि कमरेला पैशाची पिशवी घेऊन मला भेटायला या. त्या पवित्र दिवशी पैसे बाळगणे आणि प्रवास करणे वर्ज्य असते. यहोशुआ यांना फार वाईट वाटले. पण सहकाऱ्यांनी समजूत घातल्यावर ते गेले. ते दारात येताच गमलिएल उठून उभे राहिले, त्यांनी यहोशुआ यांच्या मस्तकाचे चुंबन घेतले आणि त्यांना आपले गुरू म्हटले, शिष्यही म्हटले. विद्येत गुरू आणि निर्णय पाळण्यात शिष्य.

ही हकिकत वाचून आम्हाला आपल्याकडची आठवण झाली. धम्मचक्र प्रवर्तन दिन १४ ऑक्टोबरला करायचा, की अशोक विजयादशमीला, यावरून आपल्यात वाद होतात. १९५६ साली हे दोन्ही एकाच दिवशी आले होते. दोन्ही बाजूंच्या माणसांचे प्रेम बाबासाहेबांवरच आहे. वाद व्हावा, पण त्यापायी एका वस्तीत दोन मंडळे आणि दोन तोंडे होऊ नयेत.

शनिवार : सर्वांची सुट्टी

ज्यूंचा सर्वांत मोठा सण वर्षातून एकदा येत नाही, तो दर आठवड्याला येतो. शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी घरातली बाई दिवे लावते. द्राक्षरसाच्या पेल्यावर आणि भाकरीवर आशीर्वाद म्हणतात. तेव्हापासून शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत काम बंद. याला शब्बाथ म्हणतात. शेवटी वेणीसारखी गुंफलेली मेणबत्ती पेटवून आणि सुगंधी मसाल्याचा वास घेऊन या दिवसाला निरोप देतात, आणि मग पुन्हा कामाचा आठवडा सुरू होतो.

तोरामध्ये दहा आज्ञा दोन ठिकाणी आल्या आहेत. दोन्हीकडे शब्बाथ पाळायला सांगितला आहे, पण कारण वेगवेगळे दिले आहे. एके ठिकाणी म्हटले आहे, की ईश्वराने सहा दिवसांत जग निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला. दुसऱ्या ठिकाणी कारण दिले आहे ते असे, की तूही मिसर देशात दास होतास हे आठव. म्हणून तू तर थांबच, पण तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, या साऱ्यांना विसावा मिळू दे.

पहिले कारण ईश्वराचे आहे. आपण सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाही, तेव्हा ते आपल्यापुरते बाजूला ठेवू. दुसरे कारण मात्र माणुसकीचे आहे आणि ते कोणालाही पटेल. ज्याने वेठ भोगली, त्याने दुसऱ्याकडून वेठ घेऊ नये. आणि ही सुट्टी मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही, ती नोकराची आणि जनावराचीही हक्काची आहे.

प्राचीन रोमच्या लोकांना हा प्रकार विचित्र वाटे. सेनेका या रोमन विचारवंताने तर ज्यू लोक आयुष्याचा सातवा हिस्सा आळसात घालवतात अशी टीका केली. पण आठवड्यातून एक दिवस सर्वांनी थांबण्याची ही रीत पुढे ख्रिस्ती समाजाने उचलली, शनिवारचा रविवार झाला आणि इंग्रजांबरोबर ती आपल्याकडे आली. तरी मुंबईच्या गिरणी कामगारांना ती आपोआप मिळाली नाही. सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांची संघटना उभी करून चळवळ केली, तेव्हा १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी करण्याची पावले पडली आणि १९४६ साली आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कायद्यात आली. आपण रविवारी घरी बसतो, त्यामागे हा एवढा मोठा इतिहास आहे.

सुटकेपासून ज्ञानापर्यंत

आरंभी सांगितलेल्या सुटकेच्या सणाला पेसाह म्हणतात, मराठीत वल्हांडण. निसान महिन्याच्या पौर्णिमेला तो सुरू होतो आणि इस्रायलमध्ये सात दिवस, इतरत्र बहुधा आठ दिवस चालतो. त्या काळात घरात खमिराचा कणही ठेवत नाहीत. काहीजण याचा अर्थ असा सांगतात, की खमीर म्हणजे मनातला फुगलेला अहंकार, तो झाडून काढायचा.

त्या रात्री मिसर देशावर आलेल्या दहा संकटांची नावे घेताना प्रत्येक नावाला पेल्यातला एक एक थेंब बाहेर काढतात. आपल्या सुटकेत शत्रूचीही माणसे मेली, म्हणून आपला आनंदाचा पेला काठोकाठ भरलेला नसावा, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. वैराने वैर शमत नाही हे ज्यांना भगवान बुद्धांनी शिकवले, त्यांना हे थेंब कळतील.

दुसऱ्या रात्रीपासून ते एक एक दिवस मोजू लागतात. असे ४९ दिवस मोजून झाले की ५० व्या दिवशी शावुओथ म्हणजे सप्ताहांचा सण येतो. या दिवशी तोरा मिळाली असे मानतात, आणि अनेकजण ती रात्र अभ्यासात जागून काढतात. नुसते सुटून भागत नाही, सुटलेल्या माणसाला ज्ञान आणि नियम लागतात, हे या मोजणीचे सांगणे आहे. शिक्षणावाचून सुटका पुरी होत नाही हे आपल्यालाही सांगितले गेले आहेच.

शावुओथला रूथ नावाच्या बाईची कथा वाचतात. ती परदेशी, परजातीची, विधवा आणि गरीब. पीक कापून झाल्यावर शेतात राहिलेली कणसे वेचून ती स्वतःचे आणि सासूचे पोट भरते. कणसे वेचणे ही काही भीक नव्हती. शेताचे कोपरे कापू नयेत आणि गळालेली कणसे उचलू नयेत, ती गरिबांची आणि परक्यांची, असा कायदाच होता. पुढे याच परक्या बाईच्या वंशात त्यांचा सर्वांत मोठा राजा दावीद जन्मला, असे ही कथा सांगते. आपल्या राजाची पणजी परजातीची होती हे ते लपवत नाहीत, सणाच्या दिवशी मोठ्याने वाचतात.

माफी आधी माणसाची

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचे नवे वर्ष लागते, त्याला रोश हशाना म्हणतात. मेंढ्याच्या शिंगाचे रणशिंग फुंकतात, सफरचंद मधात बुडवून खातात. पण हे नवे वर्ष नाचगाण्याचे नसते. तेथून दहा दिवस माणसाने आपल्या वर्षभराच्या वागण्याचा हिशेब करायचा असतो. दहाव्या दिवशी योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. सुमारे २५ तास अन्न नाही, पाणीही नाही.

या दिवसाबद्दल त्यांच्या संहितेत एक नियम आहे, तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माणसाने ईश्वराचा अपराध केला असेल तर हा दिवस त्याला माफी मिळवून देतो. पण माणसाने माणसाचा अपराध केला असेल, तर ज्याला दुखावले त्याच्याकडे स्वतः जाऊन त्याचे समाधान केल्याशिवाय कितीही उपास केले तरी माफी नाही. म्हणून या दहा दिवसांत माणसे एकमेकांकडे जातात, भावाकडे, शेजाऱ्याकडे, भांडलेल्या सोबत्याकडे.

योम किप्पूरच्या सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहात, यशया या जुन्या संदेष्ट्याचा एक उतारा वाचतात. उपास करून मजुरांना राबवणाऱ्यांना त्यात खडसावले आहे. खरा उपास म्हणजे जुलमाचे जू मोडणे, भुकेल्याला भाकर देणे, बेघराला घरात घेणे, असे त्याचे सांगणे आहे.

आपल्या धम्मातही याच्या जवळचा दिवस आहे. वर्षावास संपताना, आश्विन पौर्णिमेच्या सुमारास, भिक्खू पवारणा करतात. माझ्याकडून काही दोष घडलेला तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, शंका आली असेल, तर मला सांगा, अशी विनंती थोर भिक्खूसुद्धा संघाला करतो. ‘आध्यात्मिक’ हा शब्द आपण जपून वापरतो, कारण त्याच्या आडून आत्मा-परमात्म्याची पुष्कळ भोंदूगिरी झाली आहे. पण मन स्वच्छ करणे आणि माणसाशी माणसासारखे वागणे हा त्याचा अर्थ असेल, तर तो या दिवसांत आहे.

मांडव, दिवे आणि शोक

योम किप्पूरनंतर पाचव्या दिवशी, पौर्णिमेला, सुक्कोथ म्हणजे मांडवांचा सण लागतो. सात दिवस अंगणात नाहीतर गच्चीवर झोपडी बांधून तिच्यात जेवतात. छप्पर पाल्याचेच हवे आणि त्यातून चांदण्या दिसायला हव्यात. बंगल्यात राहणाऱ्यालाही आठवावे लागते, की आपले पूर्वज रानात झोपड्यांत राहिले. हिवाळ्यात हनुक्काचे आठ दिवस येतात, रोज एक दिवा वाढवीत. इ.स.पूर्व १६४ च्या सुमारास परक्या राजाने भ्रष्ट केलेले मंदिर परत मिळवून शुद्ध केले, त्याची ही आठवण. अदार महिन्यात पुरीम येतो. एस्तेर राणीने आपल्या समाजाला कत्तलीतून वाचवले ती कथा वाचतात, आणि त्या दिवशी गरिबांना दान देणे सक्तीचे असते.

आनंदाबरोबर शोकही पंचांगात नोंदलेला आहे. आव महिन्याच्या नवमीला ते जमिनीवर बसून उपास करतात. त्यांचे मंदिर इ.स.पूर्व ५८६ मध्ये बाबिलोनच्या राजाने पाडले आणि दुसऱ्यांदा इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने पाडले, त्याचा हा शोक. विसाव्या शतकात हिटलरच्या राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. त्यांचा स्मृतिदिन निसानच्या २७ तारखेला पाळतात.

दुसरे मंदिर पडल्यावर पशुबळी थांबले आणि पुरोहितांचे कामही संपले. देश गेला, लोक जगभर पांगले. तरी समाज उरला, कारण सण मंदिरातून घराच्या ताटावर आले होते. आईने लावलेला दिवा आणि पोराने विचारलेला प्रश्न एवढ्यावर ते सुमारे दोन हजार वर्षे तरले.

कोकणातले शनिवार तेली

याचा पुरावा आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असे बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. त्यांचे ग्रंथ बुडाले, भाषा गेली. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, मराठी बोलू लागले, गावावरून दिवेकर, केहीमकर अशी आडनावे घेतली. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत.

ग्रंथ नसताना त्यांनी सण मराठी नावांनी जपले. नव्या वर्षाला नव्याचा सण, योम किप्पूरला दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घरात उपास करीत. आव महिन्यातल्या शोकाच्या दिवसाला बिरड्याचा सण, कारण उपास वालाच्या बिरड्याने सोडीत. त्यांचा इतिहास लिहिणारे सांगतात, की या सणांमागची पुष्कळशी कारणे ते विसरून गेले होते, तरी दिवस पाळत होते. पुढे बाहेरून आलेल्या शिक्षकांनी त्यांना ग्रंथ आणि अर्थ परत दिला. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली उभे राहिले. त्याला ते मशीद म्हणत. आजही शुभप्रसंगी ते गोड पोह्यांचा मलिदा करतात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, आणि तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

डोळे उघडे ठेवून

दुसऱ्याचे चांगले घेताना डोळे मिटायचे नसतात, असे बुद्धांनीच सांगितले आहे. म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो. मिसर देशातून सुटण्याची कथा ग्रंथात आहे तशीच घडली, असा पुरावा उत्खननात सापडलेला नाही. गुलामीची आठवण सांगणाऱ्या त्याच तोराने दास ठेवायला बंदी केली नाही, काही नियम घालून परवानगीच दिली. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी आणि कर्जे माफ करावीत असा थोर नियम त्यात आहे. पण सातवे वर्ष जवळ आले की सावकार गरिबांना कर्जच देईनात. शेवटी हिल्लेल या धर्मगुरूला त्या नियमातून वाट काढून द्यावी लागली. बायकांना धर्मगुरू होण्याचा अधिकार फार काळ नव्हता, अमेरिकेतल्या सुधारक पंथाने १९७२ साली तो दिला. कर्मठ पंथात तो बहुतेक ठिकाणी अजूनही नाही.

आणि आपल्याला सर्वांत बोचणारी गोष्ट अशी, की कोकणातल्या बेने इस्रायलांतही गोरे आणि काळे असे दोन भाग पडले होते. गोरे काळ्यांशी बेटीव्यवहार करीत नसत, रोटीव्यवहारही टाळीत. इथल्या जातीची हवा त्यांनाही लागली होती. पुढे इस्रायलमध्ये याच बेने इस्रायलांच्या ज्यूपणावर धर्मगुरूंनी शंका घेतली आणि विवाहात आडकाठी आणली. त्यांना निदर्शने करावी लागली. १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे जाहीर केले.

परक्याला छळू नका, तुम्हीही मिसर देशात परके होता, हे त्यांचा ग्रंथ पुन्हा पुन्हा सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिमहाथ तोरा या आनंदाच्या सणाच्या दिवशी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारोंच्या संख्येने पॅलेस्टिनी मारले गेले, त्यांत बायका आणि मुले पुष्कळ. त्यांच्यातलेच अनेक लोक आपल्या सरकारला जाब विचारताना हीच शिकवण पुढे करतात. पंचांग आठवण करून देते. त्याप्रमाणे वागायचे की नाही, हे माणसाने ठरवायचे असते, आणि हे आपल्यालाही तितकेच लागू आहे.

आपल्या घरी काय?

आपल्यालाही आपले पंचांग आहे. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, २० मार्चचा महाडचा दिवस, २५ डिसेंबरचा मनुस्मृती दहन दिन. हे दिवस आपल्याला कोणी दिलेले नाहीत, आपण मिळवलेले आहेत. पण ते साजरे होतात कुठे? चौकात, मांडवात, लाऊडस्पीकरवर. मिरवणूक जरूर निघावी, त्यात आपली शक्ती दिसते. पण मिरवणूक संपून पोरे घरी आली, आणि चवदार तळ्यावर काय झाले हे त्यांना सांगता आले नाही, तर तो दिवस त्यांच्या मनात किती उरेल? आमच्या ओळखीच्या घरांत असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत, आणि आमचे घरही त्याला अपवाद नाही.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. ज्यूंची नक्कल करायची नाही, त्यांच्यापासून एक रीत शिकायची. येत्या २० मार्चला रात्री जेवणापूर्वी ताटांच्या मधोमध पाण्याचा एक तांब्या ठेवावा. घरातल्या सर्वांत लहानाने विचारावे, आज हा तांब्या मधे का? आणि आजीने, नाहीतर वडिलांनी, १९२७ साली महाडला काय झाले ते सांगावे. त्याआधी पाणी कसे मिळत होते तेही सांगावे. सांगायला लाजू नये. आपले वाडवडील काय भोगून आले हे कळल्यावर मूल खचत नाही, त्याला आपल्या माणसांचा अभिमान वाटतो. मग सर्वांनी त्या तांब्यातले पाणी प्यावे आणि जेवायला बसावे.

ज्यांना सांगता येत नसेल त्यांनी आधी शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन विचारून घ्यावे. महाड पाहिलेली पिढी आता राहिली नाही. त्यांच्याकडून ऐकलेली माणसे अजून आहेत. त्यांना विचारायचे असेल, तर फार दिवस थांबू नये.